चाकावरच्या टिकल्या

"चाक गोल असलं की झालं रे. त्यावर कुणाचं नाव आहे, हे रस्त्याला कुठे वाचता येतं?"

आमच्या कंपूतला एक मित्र हे वाक्य दर दोन-तीन महिन्यांनी टाकतो. रविवारी पहाटे पुण्याहून निघायचं, लोणावळ्याला चहा प्यायचा, बॉनेट उघडून एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची आणि ऊन चढायच्या आत परतायचं, असा आमचा नेम. या मित्राच्या स्विफ्टला सहा आऱ्यांची तांबूस चाकं आहेत. रेज या जपानी कंपनीची व्होल्क रेसिंग टीई-३७ असावीत तशी हुबेहूब, आणि आऱ्यांवर नावही तेच. चाकं अर्थात फर्स्ट कॉपी. तो ते लपवत नाही, उलट मिरवतो. जो खऱ्या सेटसाठी लाखांत पैसे ओततो तो गाडीचा शौकीन नव्हे, स्टिकरचं गिऱ्हाईक, असं त्याचं मत.

त्याचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. तो स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि पाना हातात धरणारा आहे. किमतीतला मोठा वाटा नावाचा असतो, असं तो म्हणतो. आपण काही शर्यतीत उतरत नाही. शिक्के म्हणाल तर कॉपीवरही जेडब्ल्यूएल असतंच. आणि तीन वर्षं झाली, काही बिघडलेलं नाही. यातली एकही गोष्ट वेडगळ नाही. माझं भांडण वेगळ्याच जागी आहे. तो स्वस्त चाक आणि खोटं चाक यांना एकच समजतो, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आधी पैशाचं बघू. टीई-३७ बाजारात आलं १९९६ साली. नावातले ३७ कुठून आले, तर पंधरा इंची चाकाचं वजन ३.७ किलो होतं म्हणून, असं सांगतात. आमच्याकडे सहज मिळणारी सतरा इंची कॉपी मी एकदा घरच्या वजनकाट्यावर ठेवली, साडेदहा किलो भरली. माप वेगळं असल्याने ही तुलना सरळ नाही, हे मान्य. पण एन्काईचं आरपीएफ-१ हे सतरा इंचीच चाक साधारण सव्वासात किलोचं असतं, आणि ते घडीवही नाही, ओतीवच आहे. म्हणजे एका कोपऱ्याला तीन किलोंचा फरक. हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं. शिवाय ते फिरतं. इंजिनाला ते पळवावं लागतं, ब्रेकला थांबवावं लागतं, आणि खड्ड्यातून वर उडालेलं चाक शॉकअब्सॉर्बरला पुन्हा रस्त्यावर आणून टेकवावं लागतं. मित्राने इंजिनाची ताकद वाढवायला ईसीयू रीमॅप करून घेतला, त्यावर वीस-पंचवीस हजार घातले. त्यातली थोडी ताकद तर चाकांनीच खाल्ली. जड चाकं लावून गाडी 'स्पोर्ट' करणं म्हणजे पैलवानाच्या पायात वाळूच्या पिशव्या बांधून त्याला आखाड्यात उतरवणं.

तरी वजन हा माझा मुख्य मुद्दा नाही. मुख्य मुद्दा खड्ड्याचा आहे, आणि खड्ड्यांवर बोलायला महाराष्ट्रात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही.

अलॉय चाकाची एक ठरलेली परीक्षा आहे. टायर चढवलेलं चाक तेरा अंशांच्या कलाने बसवतात आणि वरून त्याच्या काठावर वजन सोडतात. वजन किती, तर चाक जेवढा भार पेलू शकतं म्हणून सांगितलंय त्याच्या साठ टक्के अधिक १८० किलो. म्हणजे सहाशे किलोंच्या चाकावर ५४० किलो, २३० मिलिमीटर उंचीवरून. मधला भाग आरपार तडकता कामा नये, काठ सुटता कामा नये, टायरमधली हवा मिनिटभरात सगळी निघून जाता कामा नये. दुसऱ्या परीक्षेत चाकाला पीळ देत फिरवतात, वळणावर बसतो तसा. तिसरीत भार देऊन ते ड्रमवर पळवतात. हे फेरे लाखांत मोजतात. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे, वाहनांच्या अशा चाचण्या तिथे चालतात. टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना आत काय चालतं याचा पत्ताही नसतो.

परीक्षेला पैसे लागतात, कारण तिच्यात चाकं फोडावी लागतात. नव्या घडणीची चाकं फोडायची, कुठे तडकतात ते बघायचं, तिथे धातू वाढवायचा आणि पुन्हा फोडायची. नाव महाग आहे ते या फोडलेल्या चाकांमुळे. कॉपी करणारा शेवटच्या चाकाचा फोटो घेतो. आधी फुटलेली चाकं त्याच्या साच्यात कधीच येत नाहीत. आरीची जाडी दिसते, ती उतरवता येते. पाठीमागे, आरी हबला भिडते तिथला बाक किती मिलिमीटरचा आणि का, हे फोटोत येत नाही. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हवेचे बुडबुडे राहिले की नाहीत, हेही येत नाही. चांगले कारखाने ओतीव चाकांचे एक्स-रे काढतात, ते यासाठीच.

"पण शिक्का आहे ना!" हो, आहे. मित्राच्या चाकाच्या आतल्या बाजूला जेडब्ल्यूएल अशी अक्षरं सुबक उमटलेली आहेत. हे जपानी वाहतूक मंत्रालयाने घालून दिलेलं मानक. पण ते पाळलं असं सांगत शिक्का मारायचा तो स्वतः उत्पादकानेच. त्याच्या शेजारी व्हीआयए असेल तर त्रयस्थ संस्थेने चाचणी पडताळली, असा अर्थ. दोन्ही खुणा साच्यातूनच येतात, आणि साच्यात हवी ती अक्षरं कोरता येतात. ज्याने आरीवर दुसऱ्याचं नाव घातलं, त्याला आतल्या बाजूला दुसऱ्याची परीक्षा घालायला कसली लाज? मार्कशीट खोटी आहे असं स्वतःच कबूल करायचं आणि तिच्यावरचा बोर्डाचा शिक्का मात्र खरा म्हणून दाखवायचा, हा युक्तिवाद दहावीच्या पोरालाही सुचणार नाही.

आता 'तीन वर्षं काही झालं नाही' याकडे येतो. इथे मी तोंडघशी पडलेला माणूस आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

माझ्याकडे जुनी पोलो जीटी होती. तिला मीही अशीच सतरा इंची चाकं घेतली होती, 'जपानी माल' म्हणून. कुठून ते सांगत नाही. पाच बोल्ट, शंभर मिलिमीटरचं वर्तुळ, सगळं जुळलं, गाडी देखणी दिसायला लागली. एक्सप्रेस-वेवर नव्वदच्या पुढे काटा गेला की स्टेअरिंगला बारीक थरथर येई. बॅलन्सिंगला नेली. मशिनवर चाक फिरवत तो पोरगा एकदा साठ ग्रॅम लावतोय, पुन्हा फिरवून वीस काढतोय, पलीकडून चाळीस लावतोय. शेवटी त्याने मशिन थांबवलं, चाक हाताने हळू फिरवलं आणि काठाजवळ बोट धरलं. अर्ध्या फेरीत बोट टेकलं, अर्ध्या फेरीत फट पडली. "काका, रिमच आउट आहे. शिसं किती चिकटवू?"

मग त्याने चाक उलटं केलं. पोलोच्या हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर. या चाकाचं मधलं भोक ७३.१ चं, म्हणजे सगळ्या गाड्यांना चालेल असं. व्यासातला सोळा मिलिमीटरचा फरक भरायला प्लॅस्टिकची कडी घातलेली. खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक तापून तापून त्या कड्या पापडासारख्या वाकल्या होत्या. म्हणजे गाडी हबवर बसलेली नव्हतीच, पाच बोल्टांवर लटकलेली होती. आणि बोल्टांची गंमत त्याहून वेगळी. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टांची बसण अर्धगोल असते, बाहेरच्या चाकांची बहुधा शंकूसारखी. विकणाऱ्याने माझे जुनेच बोल्ट आवळून दिले होते. गोल बूड शंकूच्या भोकात बसलं तर कडेच्या एका रेघेवर टेकतं. तेवढ्या रेघेवर मी बायकोमुलांना घेऊन कोकणात दोनदा जाऊन आलो होतो.

कड्या बदलल्या, बोल्ट बदलले, थरथर कमी झाली. चाकं मात्र ठेवली, कारण मनात मित्राचंच वाक्य होतं: काही झालं तर नाही ना? सात-आठ महिन्यांनी टायर बदलायला गेलो तेव्हा टायरवाल्याने ओलं फडकं फिरवून चाक पुसलं आणि गप्प झाला. आरीच्या पाठीमागे, हबजवळ, केसाएवढी रेघ. नखाला लागत होती. पुढून चाक चकचकीत, काही म्हणून दिसत नव्हतं.

पोलादाचं एक बरं असतं. ताण ठरावीक मर्यादेखाली राहिला तर ते जवळजवळ कितीही फेरे सोसतं. ॲल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. प्रत्येक फेरा कुठेतरी जमा होत असतो. माझ्या मापाचं चाक किलोमीटरला पाचशेहून अधिक फेरे घेतं, म्हणजे दहा हजार किलोमीटरला पन्नास लाखांच्या वर. 'तीन वर्षं काही झालं नाही' याचा अर्थ खातं अजून भरलेलं नाही, एवढाच. आणि शर्यतीत उतरत नाही म्हणून सूट मागायची, तर शर्यतीच्या ट्रॅकवर खड्डे नसतात. तिथे दर शर्यतीनंतर चाकाकडे बघायला माणसं असतात. माझ्याकडे आठ महिन्यांत एक ओलं फडकं फिरलं.

नकलेचं सगळ्यात बोलकं रूप बघायचं तर बीबीएसकडे बघावं. हाइनरिश बाउमगार्टनर, क्लाउस ब्रांड आणि शिल्टाख हे ब्लॅक फॉरेस्टमधलं गाव (नाव उच्चारताना माझी जीभ अजून अडखळते), या तिघांची आद्याक्षरं मिळून १९७० साली बीबीएस झालं. त्यांचं १९८३ चं आरएस हे चाक तीन तुकड्यांचं. मधली जाळी आणि काठाचे दोन भाग बारीक बोल्टांच्या माळेने एकत्र आवळलेले. बोल्ट आहेत म्हणून काठ वेगळा करता येतो, वाकला तर बदलता येतो, रुंदी हवी तशी ठेवता येते. आपल्याकडच्या नकलेत चाक एकसंध ओतलेलं आणि काठाभोवती बोल्टांची डोकी नुसती चिकटवलेली. टिकल्या! दोन पावसाळ्यांत त्यातल्या चार गळून पडतात आणि मागे गोंदाचा डाग राहतो. बोल्ट गळून पडला तरी चाकाला काही होत नाही, यावरूनच तो बोल्ट काय योग्यतेचा होता ते कळतं. ब्रेम्बोच्या नावाच्या लाल टोप्या याच जातकुळीतल्या. मूळ एका पिस्टनच्या कॅलिपरवर टोपी बसवतात, वर इटालियन नाव. खऱ्या ब्रेम्बोचा पुण्याजवळ कारखाना आहे, पण टोपीला त्याची गरज नाही. टोपी ब्रेकची उष्णता अडवून धरते, आणि सैल झाली की चाकाला घासते. ब्रेक सुधारायला निघालेला माणूस ब्रेक बिघडवून येतो आणि वर फोटो काढतो.

मित्राचा सगळ्यात चांगला मुद्दा मी मागे ठेवला होता. तो म्हणतो, नक्कल कोण करत नाही? १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये मिनी गाड्यांच्या शर्यतीसाठी मॅग्नेशियमची मिनीलाइट चाकं निघाली, आठ आऱ्यांची. पुढे जपानच्या वातानाबेची आठ आऱ्यांची चाकं आली, ती त्यांच्या चुलतभावासारखीच दिसतात, आणि आज लोक तीच पूजतात. फिलिपिन्सच्या रोटा कंपनीवर तर सगळं जग नकलेचा आरोप करतं. आपण ज्याला मॅगव्हील म्हणतो त्यात तरी मॅग्नेशियम कुठे असतं? शब्दच फर्स्ट कॉपी!

शेवटच्या वाक्याला मी मनापासून दाद दिली. पण बाकीचा पुरावा तर माझ्याच बाजूचा आहे. वातानाबेने चाकावर वातानाबे लिहिलं. रोटा चाकावर रोटाच लिहिते. आकार उसना घेतल्याबद्दल त्यांना हवं तेवढं हिणवा, पण चाक तुटलं तर दार कुणाचं वाजवायचं हे ठाऊक असतं. घडण उसनी घेणारा आणि सही खोटी करणारा यांत फरक आहे. पहिल्याला तुम्ही आळशी म्हणाल. दुसऱ्याने, माल विकतानाच, तो माझा नाही असं सांगून ठेवलेलं असतं.

यावर त्याने टकाटा काढलं. काढणारच होता. टकाटा या कंपनीचे हिरवे रेसिंग सीट-पट्टे आमच्यातल्या अर्ध्या गाड्यांत आहेत, बहुतेक नकली. "खऱ्या टकाटाच्याच एअरबॅग फुटून माणसं मेली ना? कुठे गेला तुझा अस्सलपणा?"

हे खरं आहे. एअरबॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडलं, धातूचे तुकडे उडाले, माणसं गेली. पण पुढे काय झालं? भाग कुठल्या कारखान्यात, कधी बनला, कुठल्या गाडीत गेला, याची नोंद होती. त्या नोंदीवरून जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. भारतातही होंडाने जुन्या गाड्यांच्या मालकांना बोलावून इन्फ्लेटर फुकट बदलून दिले. टकाटा २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. अस्सल माल कधी फुटत नाही, असं मी कधीच म्हटलं नाही. तो फुटला तर कुणाला तरी बोलावता येतं, एवढंच माझं म्हणणं. नकली हिरव्या पट्ट्यांत खोट निघाली तर ते परत कोण बोलावणार? कुठला क्रमांक वाचून?

इतकं बोलल्यावर आमच्यातले 'ओरिजिनल'वाले खूश होऊन माझ्या बाजूला सरकतात. त्यांचीही थोडी चामडी सोलायला हवी. जपानहून जुनी खरी चाकं मागवायची, ती वाकलेली, वेल्ड मारून रंगवलेली निघाली तरी नाव खरं म्हणून बसवायची. गाडीला ऑफसेट ४० च्या आसपास लागत असताना १५ चं चाक घालून ते फेंडरबाहेर काढायचं आणि बेअरिंग वर्षात घरघरायला लागलं की कंपनीला शिव्या द्यायच्या. ही कसली अस्सलता? खरं चाक चुकीच्या गाडीला लावलं की ते त्या गाडीपुरतं खोटंच. भार, ऑफसेट, मधलं भोक, बोल्टांची बसण हे आधी, नाव मागून. एका सद्गृहस्थांनी लाखावर किमतीची घडीव चाकं घेतली आणि त्यांवर सगळ्यात स्वस्त टायर चढवले. त्यांच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

मग ज्याच्याकडे लाख नाहीत त्याने काय करावं? मित्राच्या मते कॉपी घ्यावी. मी म्हणतो, मूळ चाकच ठेवावं, नाहीतर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्याने विकलं जाणारं साधं ओतीव चाक घ्यावं. पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूरला एन्काईचा कारखाना आहे. ही तीच एन्काई, १९५० साली हामामात्सूत सुरू झालेली, आरपीएफ-१ वाली. इथून देशातल्या वाहन कंपन्यांना अलॉय चाकं जातात. म्हणजे एखाद्या पोराच्या गाडीला कंपनीकडून आलेलं चाक जपानी तंत्राचं, परीक्षा दिलेलं असू शकतं. पोरगं ते काढून कोपऱ्यात टाकतं आणि जपानी नावाचं अनाथ चाक बसवतं. शिक्रापूरवरून जाताना मला दर वेळी हे आठवतं आणि हसू येतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ च्या निकालानुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारा बदल करता येत नाही. मित्र म्हणतो, सगळंच बेकायदा, मग खरं काय नि खोटं काय. इथे त्याचं अर्धं बरोबर आहे. जर्मनीत बाहेरच्या चाकावर केबीए या सरकारी कार्यालयाच्या मंजुरीचा क्रमांक ओतलेला असतो, आणि मंजूर बदल गाडीच्या कागदावर चढवता येतो. तिथे खरं-खोटं तपासायला पोलिसालाही जागा आहे. आपल्याकडे चांगलं चाक लावणारा आणि खोटं लावणारा एकाच रांगेत उभे राहतात. ही तक्रार रास्तच आहे. तिचा फायदा मात्र नकली मालवाल्यालाच होतो, कारण अंधारात सगळी चाकं सारखीच गोल.

गेल्या महिन्यात मित्राला दुसऱ्या गाडीसाठी चाकं हवी होती. मला मुद्दाम बरोबर नेलं, कदाचित वाद मिटवायला. दुकानात सेट लावलेला, आऱ्यांवर तेच जपानी नाव, दुकानदार छातीवर हात ठेवून सांगतोय, "साहेब, जपानचा माल. घरच्यासारखं सांगतोय." भाव ठरला. मित्राने मोबाइल काढला, पैसे पाठवणार, तेवढ्यात मी म्हटलं, बिलावर कंपनीचं नाव लिहा ना, चाकावर आहे तेच.

दुकानदाराने बिलबुक उघडलं. तारीख घातली. 'अलॉय व्हील, ४ नग' इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. मग त्याने वर बघितलं, माझ्याकडे नाही, मित्राकडे.

"साहेब, बिल हवंच का?"